नोटा उधळणारे काका आणि बारवाली मावशी

प्रश्न: सारंगखेड्याच्या यात्रेत तमाशाला आमचे काका पुढच्या रांगेत. खिशात दहाच्या कोऱ्या नोटांचं बंडल, खास बँकेतून आणलेलं. माझ्यासाठी परवा स्थळ आलं, मुलगी बी.एड. झालेली. तर हेच काका म्हणे, "तिची मावशी पनवेलला बारमध्ये नाचायची. नको." काय बोलू?

उत्तर: भो, 2005 ची डान्सबारबंदी आठव. थ्री-स्टार आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती! हा भेदभाव 2013 मध्ये सुप्रीम कोर्टातही टिकला नाही. काकांचा कायदा अजून तोच.

उत्तर: माझी आत्या फडात होती. चाळीसगावात तिला कोणी खोली देईना. एक नकार देणारा घरमालक रात्री तंबूत दिसला, तोंडाला रुमाल बांधून. चपलांवरून ओळखला तिनं.

प्रश्नकर्ता: काकांना नोटांचं विचारलं. भरीत-भाकरी अर्धी टाकून उठले. मुलीकडे रविवारी जातोय, काकांशिवाय.