शाळेच्या बातम्या: मुलांना मुलाखत आणि स्क्रिप्ट कशी शिकवू?

प्रश्न
आठवी-नववीची मुलं शाळेचं व्हिडिओ बातमीपत्र करतात. हौस भरपूर आहे, पण मुलाखतीत कागदावरचे प्रश्न ओळीने वाचून मोकळी होतात, समोरचा काय बोलतोय तिकडे लक्षच नसतं. मागच्या वेळी शर्यत जिंकलेल्या मुलाला विचारलं 'आनंद झाला का?', तो म्हणाला 'हो', झालं, संपली मुलाखत. आणि स्क्रिप्ट म्हणजे 'सदर स्पर्धा मोठ्या उत्साहात संपन्न झाली'. कुठून सुरुवात करू?

उत्तर १
आधी तो कागद काढून घ्या, फक्त तीन मुद्दे लिहून न्यायचे. मी वर्गात जोड्या लावते, पहिला प्रश्न ठरलेला आणि पुढचा प्रत्येक प्रश्न आत्ताच्या उत्तरातलाच एखादा शब्द धरून विचारायचा. 'शेवटच्या फेरीत पाय मुरगळला' असं कोणी म्हणालं की 'मग पुढे कसा धावलास?' हे आपसूकच तोंडात येतं, फक्त ऐकलेलं असलं पाहिजे. उत्तर संपलं असं वाटलं तरी दोन-तीन सेकंद गप्प राहायला शिकवाच, बरेचदा खरं बोलणं त्यानंतर येतं. आणि मधे मधे 'हो हो', 'अच्छा' नको, त्याच्या आवाजावर आपला आवाज चढला की एडिटला वेगळा काढता येत नाही, नुसती मान हलवायची.

उत्तर २
वरच्या ताईंशी सहमत. माइक कायम विचारणाऱ्याच्या हातात, पाहुण्याकडे द्यायचाच नाही. सुरुवातीला नाव आणि इयत्ता कॅमेऱ्यावर बोलून घ्या. तुमचा प्रश्न कापला जाणार असेल तर उत्तर पूर्ण वाक्यात मागा, नाहीतर हातात बाइट (मुलाखतीतला बातमीत वापरायचा बोलण्याचा तुकडा) येते ती नुसती 'पाच वर्षं' अशी, कशाची पाच वर्षं ते बघणाऱ्याला कळतच नाही.

उत्तर ३
स्क्रिप्टचं सांगतो. मुलं आधी लिहितात आणि मग बाइट कोंबतात, ते उलटं करा. आधी सगळं फुटेज बघून बाइट निवडायची, मग तिच्या आधी-नंतर काय सांगायचं राहिलं तेवढंच लिहायचं. पानाचे दोन भाग करा, डावीकडे काय दिसणार, उजवीकडे काय ऐकू येणार. दिसतंय ते पुन्हा सांगायचं नाही, अँकरने बाइटमधलंच वाक्य आधी बोलून टाकायचं नाही (हे फार होतं!). एका वाक्यात एकच गोष्ट. 'सदर स्पर्धा'वर लाल रेघ मारत बसू नका, कागद उलटा ठेवून विचारा, 'घरी आईला हे कसं सांगशील?' 'मुरगळलेल्या पायाने नववीतल्या मुलाने शर्यत जिंकली' असं काहीतरी येईल, तेच लिहायला लावा आणि घड्याळ लावून मोठ्याने वाचून घ्या, जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडा.

प्रश्नकर्ती
आईला सांगायची युक्ती उद्याच करून बघते. जोड्यांच्या खेळात लाजाळू मुलांचं काय करता?

उत्तर १
त्यांना आधी उत्तरं देणाऱ्याच्या जागी बसवते. चांगला प्रश्न कसा वाटतो ते एकदा स्वतः अनुभवलं की विचारायलाही धजावतात.