मदत हवी आहे: जखम नसताना एचआयव्ही आत शिरतो तरी कसा?

नमस्कार मंडळी,

मी पदवीच्या पहिल्या वर्षाला जीवशास्त्र शिकवते. वर्गाबाहेर एक प्रश्नपेटी ठेवली आहे, नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. आज त्यातून एक चिठ्ठी निघाली. चार घड्या घातलेली, पेन्सिलीने लिहिलेली, 'एचआयव्ही' हा शब्द आधी खोडून पुन्हा लिहिलेला. "दोघांनाही कुठेच जखम नसेल तर विषाणू आत कसा जातो? आणि जातच असेल तर चुंबनातून का नाही?"

'रक्त, वीर्य, योनिस्राव' असं ठरलेलं उत्तर देऊन मोकळी झाले असते. पण ते 'कशातून'चं उत्तर झालं, 'कसा'चं नाही.

मला कळलंय ते असं. बाहेरच्या कातडीवर मृत पेशींचा टणक थर असतो. एचआयव्हीला जिवंत पेशी लागते, तीही सीडी४ प्रथिन असलेली. त्यामुळे धड कातडीवर तो नुसता पडून राहतो. श्लेष्मल त्वचेला हे कवच नसतं. योनीत पेशींचे थर बरेच, पण वरचे सैल. गर्भाशयमुखाच्या आतल्या बाजूला आणि गुदाशयात तर पेशींचा एकच थर. पुरुषात शिश्नाग्रावरच्या त्वचेची आतली बाजू आणि मूत्रमार्गाचं तोंड या नाजूक जागा. आणि थराखाली (काही ठिकाणी थरातच) नेमक्या त्याला हव्या त्या पेशी पहाऱ्याला बसलेल्या! म्हणजे डोळ्यांना दिसणारी जखम लागतच नाही. बरोबर ना?

अडलंय ते पुढे. उपचार न घेणारा जोडीदार आणि निरोध नाही, अशा १०,००० संबंधांमागे लागण होण्याचं प्रमाण योनिमार्गे स्त्रीला सुमारे ८, पुरुषाला ४, आणि गुदमार्गे स्वीकारणाऱ्याला १३८ असं दिलेलं असतं. १०,००० मध्ये ८? मग हा आजार जगभर पसरला कसा? आणि हा आकडा फळ्यावर लिहिला तर मुलं निर्धास्त होतील, ही भीती वेगळीच. लाळेचंही नीट सांगता येत नाहीये. कोणी मदत कराल का?

सूक्ष्मदर्शी
ताई, तुमचं आकलन बरोबर आहे. आकडाही बरोबर आहे, पण तो सरासरीचा आहे आणि घोळ तिथेच होतो. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत एका मिलिलिटर रक्तात विषाणूच्या लाखो, कधी कोट्यवधी प्रती असतात. पुढे शरीर थोडा आवर घालतं आणि संख्या खूप खाली येते. सुरुवातीच्या त्या दिवसांत माणसाला बऱ्याचदा साध्या फ्लूसारखा ताप येतो किंवा काहीच जाणवत नाही, स्वतःला लागण झाल्याचा पत्ताच नसतो. या काळातला एक संबंध आणि दोन वर्षांनंतरचा एक संबंध, दोन्ही त्या सरासरीत एकसारखे मोजले जातात.

दुसरं म्हणजे जननेंद्रियावरची नागीण (हर्पिस), सिफिलिस वगैरे. फोड दिसत नसला तरी त्या जागी सीडी४ पेशी गोळा झालेल्या असतात. विषाणूला आयतं जेवण. त्यामुळे '१०,००० वेळा केलं तर ८ वेळा' असा अर्थ लावूच नका. पहिल्याच वेळी लागण झालेली माणसं आहेत.

पाणपोई
लाळेचं मी सांगतो. एक तर लाळेत विषाणू अगदीच कमी. त्यात लाळ रक्तापेक्षा खूप पातळ, क्षार कमी. लागण झालेली पेशी लाळेत आली की पाणी ओढून फुगते आणि फुटते. शिवाय विषाणूला अडवणारी प्रथिनंही लाळेत असतात.

वीर्याचं नेमकं उलट. निरोगी योनीत लॅक्टोबॅसिलस जिवाणू आम्ल तयार करतात, पीएच साधारण ४.५ च्या खाली राहतो आणि ते विषाणूला सोसत नाही. वीर्य अल्कधर्मी, ते हे आम्ल काही काळ मारून टाकतं. शुक्रपेशी जगाव्यात म्हणून केलेली सोय, फायदा विषाणूलाही. मला तर हा भाग शिकवायला सगळ्यात आवडतो.

सूक्ष्मदर्शी
अजून एक, हे वर्गात सांगाच. इतके विषाणू येऊन आदळतात, तरी स्त्री-पुरुष संबंधातल्या बहुतेक लागणींत पुढचा सगळा वंश एकाच विषाणूपासून वाढलेला सापडतो. बाकीचे दारातच संपतात. जो टिकतो तो पेशीवरच्या सीडी४ आणि सीसीआर५ या प्रथिनांची दोन कुलपं उघडून आत जातो.

धागाकर्ती
खूप आभार दोघांचे! आता एकच. औषधं चालू असलेल्याकडून लागण होत नाही म्हणतात, ते 'जवळजवळ नाही' की 'नाहीच'? सहकारी म्हणतात हे मुलांना सांगू नका, निरोध सोडतील.

सूक्ष्मदर्शी
नाहीच. अट एवढीच की रोज औषध आणि व्हायरल लोड, म्हणजे एका मिलिलिटर रक्तातल्या विषाणूच्या प्रती, २०० च्या खाली टिकून. पार्टनर नावाच्या अभ्यासाच्या दुसऱ्या टप्प्यात, २०१९ साली निकाल आला, समलिंगी पुरुष जोडप्यांचे निरोधाविना सुमारे ७६,००० संबंध मोजले. जोडीदाराकडून लागण शून्य. लपवायचं कशाला? बाकीचे गुप्तरोग आणि गर्भधारणा यांसाठी निरोध लागतोच, तेही सांगा.

रात्रपाळी
ताई, विषय सोडून बोलतेय. चिठ्ठीत 'दोघांनाही' असं लिहिलंय. मी समुपदेशनाचं काम करते, असा प्रश्न फार क्वचित नुसत्या कुतूहलापोटी येतो. विषाणू श्लेष्मल थराखालून लसिकाग्रंथींत आणि मग रक्तात पोचायला काही दिवस घेतो. तेवढ्याच काळात पीईपी, म्हणजे संबंधानंतर लागण टाळण्यासाठी घ्यायची औषधं, उपयोगी पडते. संबंधानंतर ७२ तासांच्या आत सुरू करायची, जितक्या लवकर तितकी बरी, मग सलग २८ दिवस. ७२ तास उलटले असतील तर लगेच केलेली तपासणी निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं नाही. शिरेतून रक्त घेऊन करतात ती अँटिजेन-अँटिबॉडी तपासणी ४५ दिवसांनी पुन्हा करावी लागते. चिठ्ठी कधी टाकलेली आहे?

धागाकर्ती
पेटी मी सोमवारी रिकामी केली होती, आज गुरुवार. म्हणजे कदाचित अजून वेळ आहे, कदाचित नाही. तास उद्या दुपारी आहे, तेवढं थांबत नाही. वर्गाच्या ग्रुपवर '७२ तास, २८ दिवस, ४५ दिवस' आत्ताच सगळ्यांसाठी टाकते, चिठ्ठीचा उल्लेख न करता. पेशींचे थर उद्या शिकवीन.