आपल्या माणसाला त्याचा गुण दाखवून द्यावा, की गप्प बसावं?

चांदणवेल

दोन महिने झाले, धाकटा भाऊ माझ्याशी कामापुरतंच बोलतो. चूक माझीच आहे. पण ती नेमकी कुठे झाली ते कळत नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

भाऊ ३४ वर्षांचा. बारा वर्षं एका कार्यालयात बिलं तपासतो. कुरकुर करत नाही, पण घरी आल्यावर कामाबद्दल चकार शब्द काढत नाही.

गेल्या वर्षी बाबांच्या हृदयाच्या झडपेचं दुखणं निघालं. डॉक्टर समजावून गेले, बाबांनी मान डोलावली, आणि डॉक्टरांची पाठ वळताच चादरीचं टोक चुरगाळत बसले. भाऊ उशाशी जाऊन बसला. रिपोर्टच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला त्याने दोन खोल्या काढल्या, मधे एक दार. म्हणाला, "बाबा, हे दार एकाच बाजूला उघडायला हवं आणि मग घट्ट मिटायला हवं. तुमचं नीट मिटत नाही. थोडं रक्त माघारी येतं, मग हृदयाला तेच काम पुन्हा करावं लागतं. म्हणून तुम्हाला जिना चढताना दम लागतो." बाबांनी पाकीट हातात घेतलं, दारावर बोट ठेवलं आणि विचारलं, "मग हे दुरुस्त करणार की बदलणार?" दोन दिवसांत त्यांनी विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

थोड्या वेळाने शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची मुलगी कागद घेऊन आली, "आमचंही सांगाल का?" भाऊ म्हणाला, "मी डॉक्टर नाही, तुमचं मला सांगता यायचं नाही. पण डॉक्टरांना काय काय विचारायचं ते आपण लिहून काढू." दोघांनी बसून सात प्रश्न लिहिले.

मी त्याला म्हटलं, किती छान जमतं तुला हे! तर म्हणाला, "त्यात काय एवढं? कुणीही सांगितलं असतं." मी तिथेच उभी होते. मला नव्हतं सांगता आलं.

मग मी अध्यापनाचे अभ्यासक्रम शोधले, त्याला न विचारता एक अर्ज भरला आणि घरात सगळे जमलेले असताना म्हणाले, "हा चुकीच्या नोकरीत कुजतोय." तो उठून आत गेला.

अर्ज भरायला नको होता, चारचौघांत बोलायलाही नको होतं, हे मान्य. पण विषय काढणंच चुकलं का? मला नाही वाटत. जे सहज जमतं त्याला माणूस गुण म्हणून मोजतच नाही. ते दुसऱ्या कुणी तरी दाखवावं लागतं. आणि आपल्या माणसांनी नाही दाखवायचं तर कुणी?

उलटतपासणी

विषय काढणंच चुकलं, असं माझं स्पष्ट मत. तुमच्या भावाच्या जागी मी होतो, म्हणून इतकं थेट लिहितो.

लहानपणी वह्यांच्या मागच्या पानांवर मी चित्रं काढायचो. घरच्यांना 'गुण' दिसला. मग पाहुणे आले की वही बाहेर. मग स्पर्धा, मग त्यातलंच शिक्षण, त्यातलीच नोकरी. सगळं प्रेमापोटीच, त्याबद्दल शंका नाही. आज अकरा वर्षं झाली, कामाबाहेर मी एक रेघ ओढलेली नाही. पेन्सिल हातात घेतली की आधी मनात येतं, हे कुणाला दाखवायचं आहे?

१९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. मुलं मुळातच चित्रं काढण्यात रमणारी. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं, फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात पाहिलं, तर ही मुलं इतरांच्या मानाने साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. आवड तीच, मुलं तीच. फक्त मधे कुणी तरी त्या आवडीला कामाला जुंपलं.

तुमच्या भावाने ते दार बाबांसाठी काढलं. तुम्ही त्याचं करिअर करायला निघालात.

सरळरेघ

उलटतपासणी, तुमची ती वही डोळ्यांसमोर आली आणि वाईट वाटलं. पण प्रयोगाचा अर्थ तुम्ही ताणता आहात. त्यातच तिसरा गट होता, ज्यांना तेच प्रशस्तिपत्र अवचित मिळालं. त्यांची आवड कमी झाली नाही. घात केला तो आधी ठरवलेल्या सौद्याने. 'तुला हे छान जमतं' एवढं सांगणं हा सौदा नव्हे.

ताईंच्या म्हणण्याला आधारही आहे. सिमीन वझीर यांनी २०१० मध्ये याच प्रश्नावर अभ्यास प्रसिद्ध केला: माझ्याबद्दल जास्त कुणाला कळतं, मला की माझ्या ओळखीच्यांना? उत्तर सरसकट एक नाही. चिंता, स्वतःबद्दलचा विश्वास अशा आतल्या गोष्टी ज्याच्या त्यालाच जास्त कळतात. बुद्धी, सर्जनशीलता अशा बाबतींत मात्र मित्रांचे अंदाज जास्त बरोबर निघाले.

मी यातून माझ्यापुरता नियम केला आहे. समोरच्याला काय जमतं, ते बेलाशक सांगावं. काय आवडतं, काय सोसवतं, ते त्यालाच विचारावं. ताई, तुम्ही पहिल्यावरून दुसरं स्वतःच ठरवून टाकलंत. समजावणं जमतं, म्हणजे शिकवायला आवडेल, म्हणजे शिक्षक व्हावं. मधल्या दोन्ही पायऱ्यांवर भाऊ कुठेच नाही.

उलटतपासणी

मित्र वेगळे, घरचे वेगळे. मित्राला माझ्याकडून काही पूर्ण करून घ्यायचं नसतं. घरच्यांच्या नजरेत त्यांची स्वतःची राहून गेलेली इच्छा मिसळलेली असते, आणि त्यांनाही ती दिसत नाही. चांदणवेल ताई, एक विचारतो, राग मानू नका. तुम्हाला स्वतःला शिक्षिका व्हायचं होतं का?

चांदणवेल

हो.

पायवाट

मला या चर्चेतलं एक गृहीतकच पटत नाही. कामात जीव रमलाच पाहिजे, हे कुणी ठरवलं? मी पाळ्यांमध्ये काम करते. कामावरून सुटले की सुटले. माझं खरं जगणं त्यानंतर सुरू होतं: मुलगी, भजनाचा सराव, आईची पथ्यं. मला कुणी "तुझ्या गुणांचं चीज होत नाही" म्हटलं की मी जे नीट उभं केलंय तेच कमी लेखल्यासारखं वाटतं. 'कुजतोय' हा शब्द वाचून मलाच लागलं. बारा वर्षं चोख बिलं तपासणं हे कुजणं नाही. एक चुकीचं बिल सुटलं तर किती जणांना निस्तरावं लागतं, ते त्याला विचारा.

एमी रेझ्नेस्की आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलं होतं की लोक आपल्या कामाकडे तीन तऱ्हांनी पाहतात: उपजीविका, कारकीर्द किंवा अंतरीची ओढ. त्यात कार्यालयीन सहायकांचा एक छोटा गट होता, अवघे २४ जण, जवळपास एकाच प्रकारचं काम करणारे. तेही या तिन्हींत साधारण सारखेच विभागले गेले. म्हणजे समाधान पदाच्या नावात नसतं.

पुढे २००१ मध्ये रेझ्नेस्की आणि जेन डटन यांनी रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांचं उदाहरण दिलं. काही जण नेमून दिलेलं तेवढंच करत. काही जण रुग्णांशी, त्यांच्या माणसांशी चार शब्द बोलत, वाट चुकलेल्यांना नेऊन सोडत, आणि आपलं काम रुग्ण बरे करण्याचाच भाग मानत. नोकरी तीच. तुमच्या भावाच्या कार्यालयात नवीन माणसं येत असतीलच ना? त्यांना बिलं वाचायला कोण शिकवतं? कदाचित तोच शिकवत असेल आणि तुम्हाला माहीत नसेल.

ओलंगवत

एवढा खल कशाला? सरळ कल-चाचणी द्यायला सांगा. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी मांडलेल्या आवडींच्या सहा प्रकारांवर बेतलेल्या कितीतरी उपलब्ध आहेत.

सरळरेघ

त्या चाचण्या मुख्यतः आवड विचारतात, काय जमतं ते नाही. आणि ताणलेल्या नात्यात बहिणीने चाचणी हातात ठेवली की तो अर्जाचाच दुसरा भाग वाटेल. त्याने मागितली तर जरूर द्यावी.

मला शब्दांबद्दल सांगायचं आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये शाळकरी मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. 'हुशार आहेस' अशी शाबासकी मिळालेली मुलं पुढची अवघड कोडी टाळू लागली. 'मेहनत घेतलीस' असं ऐकलेली मुलं अवघड कोड्यांना भिडली. मोठ्यांना हे जसंच्या तसं लावता येणार नाही, पण माझा अनुभव तोच आहे. 'तू जन्मजात शिक्षक आहेस' म्हटलं की माणसाला ते सिद्ध करत बसावं लागतं, किंवा तो झटकून टाकतो. त्याऐवजी पाहिलं तेवढंच सांगावं: तू दार काढलंस आणि बाबांनी प्रश्न विचारला. हे झटकता येत नाही, कारण ते घडलेलं आहे.

उलटतपासणी

इथवर मी येऊ शकतो. घडलेलं सांगा. पण त्याच्या शेपटीला 'म्हणून तू आता...' आलं की सगळं मुसळ केरात. आणि खरं सांगू? घरच्यांना ते शेपूट आवरत नाही. माझ्या आईला आजही आवरत नाही, आणि तिच्याइतकं माझं भलं दुसऱ्या कुणीच चिंतलेलं नाही. म्हणून न बोलणंच बरं, या मतावर मी ठाम आहे.

चांदणवेल

पाच दिवसांनी लिहिते आहे. तुमचा तो प्रश्न, उलटतपासणी, मला झोपू देईना. मी एकविसाव्या वर्षी सोडलेली गोष्ट भावाच्या गळ्यात घालत होते. अर्ज भरताना माझी बोटं किती भराभर चालत होती, ते आता आठवतं.

काल त्याच्याकडे गेले. आधी अर्जाबद्दल आणि त्या 'कुजतोय'बद्दल माफी मागितली. तो म्हणाला, "त्या शब्दाने मला आठवडाभर ऑफिसच्या पायऱ्या चढवेनात." मग पायवाट म्हणाल्या तसं विचारलं, नव्या माणसांना कोण शिकवतं? तोच शिकवतो. सात वर्षं. मला ठाऊकच नव्हतं.

बाबांनी ते पाकीट फाइलमध्ये जपून ठेवलंय. ते बरोबर नेलं होतं. पुढ्यात ठेवलं आणि एवढंच म्हटलं, "तू हे काढल्यावर बाबा पहिल्यांदा बोलले. हे काढताना तुला कसं वाटत होतं?"

तो बराच वेळ पाकिटाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "ताई, मला वर्गात उभं राहायचं नाही. तीस जणांसमोर मला घाम फुटतो. पण घाबरलेला एकच माणूस समोर असला ना, की कुठून सुरुवात करायची ते मला कळतं. त्या आजोबांच्या मुलीचा नंतर फोन आला होता. तिच्या ओळखीतल्या एका बाईंबरोबर डॉक्टरांकडे जाशील का, असं विचारत होती."

हे मी त्याच्याबद्दल कधी ओळखलंच नसतं.

उलटतपासणी

आणि तुम्ही काय म्हणालात?

चांदणवेल

काही नाही. त्याचं बोलणं अजून संपलं नव्हतं.