कोकणाला स्वतंत्र विद्यापीठ हवं की मुंबईचंच बरं?

सावंतवाडीकर:
सोलापूरला २००४ मध्ये एका जिल्ह्यापुरतं विद्यापीठ मिळालं, चंद्रपूर-गडचिरोलीला २०११ मध्ये गोंडवाना, शेजारच्या गोव्याकडे तर १९८५ पासून आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाने काय घोडं मारलंय? आमची कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली, त्यामुळे पोरांना त्याच्या मुख्य ऑफिसात काम निघालं की रात्रभर कोकणकन्येत बसून मुंबई गाठायची. वेगळं विद्यापीठ झालंच पाहिजे.

मालवणचो:
साफ विरोध. मुंबई विद्यापीठ परक्याचं कधीपासून झालं? रा. गो. भांडारकर मालवणात जन्मले, रत्नागिरीत शिकले, १८६२ च्या पहिल्या पदवीधरांच्या बॅचमध्ये न्यायमूर्ती रानड्यांबरोबर होते आणि १८९३ मध्ये त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पां. वा. काणेसुद्धा रत्नागिरी जिल्ह्यातले, तेही कुलगुरू, पुढे १९६३ ला भारतरत्न. १८५७ पासूनचं हे नाव उभं करण्यात आपली माणसं आहेत, ते सोडून आपण नव्या पाटीखाली का जायचं? बाहेर नोकरीला गेल्यावर डिग्रीवरचं नाव बघतात हो.

दापोलीवाला:
नवीन पाटी काय करते ते दापोलीत येऊन बघा. कोकण कृषी विद्यापीठ १९७२ चं. नीलम आणि हापूसचा संकर करून रत्ना आंबा काढला, त्यात साका (गरात होणारा पांढरट स्पंजासारखा दोष) नाही, पुढे रत्ना-हापूसचा सिंधू, त्याची कोय एकदम पातळ. काजूची वेंगुर्ला ४ आणि ७ आज कोणाच्या बागेत नाहीत? हे प्रश्न इथल्या मातीतले म्हणून इथेच सुटले. तसंच कातळशिल्पांचं, मच्छीमारीचं, मालवणी बोलीचं काम कोण करणार, मुंबईत फोर्टच्या ऑफिसात बसून होणार आहे का ते?

मालवणचो:
शेतीचं वेगळं, त्यांना सरकारने जमिनी आणि संशोधन केंद्रं दिली. इथे दोन जिल्ह्यांतली कॉलेजं, त्यात पोरं बारावीनंतर मुंबई-पुण्याला जातात, मग परीक्षा फीवर विद्यापीठ चालणार कसं? रत्नागिरीचं उपकेंद्र आहे ना, त्याला अधिकार द्या, प्राध्यापक भरा, मार्कशीटची कामं तिथेच होऊ देत.

सावंतवाडीकर:
उपकेंद्राला अधिकार द्या हे मान्य, उद्यापासून द्या. पण परंपरेचं म्हणाल तर एकेकाळी सिंधपासून धारवाडपर्यंतची कॉलेजं ह्याच विद्यापीठाखाली होती. १९४९ मध्ये पुणे वेगळं झालं, धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ त्याच वर्षी, आणि पुण्यातून १९६२ मध्ये कोल्हापूरचं शिवाजी. फर्ग्युसनची डिग्रीपण आधी मुंबईचीच होती, वेगळं होऊन तिची किंमत कमी झाली का?