शाळेतली जर्मन: तुमचे अनुभव लिहा

आठवीच्या उंबरठ्यावर पुण्या-मुंबईतल्या घरांत एकच खल चालतो. संस्कृत, फ्रेंच की जर्मन? मार्क कशात जास्त पडतात आणि क्लास जवळ कुठे आहे, यावर बहुतेकदा निकाल लागतो. त्यामुळे ‘मार्कांसाठी घेतली’ हे धरूनच चालू. त्यापुढचं लिहा. वर्गात काय चालायचं, डोक्यात काय राहिलं, पुढे उपयोग झाला का. नसेल झाला तर तेही लिहा. ‘संस्कृत श्रेष्ठ की जर्मन’ हा वाद मात्र कृपया इथे नको.

*

पुणे, मराठी माध्यम. बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, ‘मला बाई किंवा मॅडम म्हणायचं नाही. फ्राउ म्हणायचं आणि पुढे आडनाव.’ बाईंना आडनावाने हाक मारायची! आठवडाभर कुणाची हिंमत झाली नाही. त्यात ‘इख’चा खरा उच्चार ‘ख’ आणि ‘श’च्या मध्ये कुठेतरी असतो, त्यामुळे ‘मी’ म्हणायला गेलं की मागच्या बाकावरून ‘इश्श’ असा कोरस यायचा.

तीन लिंगं आहेत म्हटल्यावर आम्ही खूश. तो, ती, ते तर घरचंच. मग कळलं की टेबल पुल्लिंगी, दिवा स्त्रीलिंगी. पुस्तक तेवढं आपल्यासारखं नपुंसकलिंगी निघालं. त्यामुळे नाम एकटं लिहायचंच नाही असा दंडक होता. पुल्लिंगी नामापुढचं डेर निळ्या पेनाने, स्त्रीलिंगीचं डी लाल, नपुंसकलिंगीचं डास हिरव्या. माझ्या वहीला रंगपंचमी म्हणायचे. आकडे मात्र पटकन आले, कारण त्यांचंही ‘एक आणि वीस’च असतं. इंग्रजी माध्यमातल्या चुलत भावाची तिथे भंबेरी उडायची.

*

आम्हाला व्याकरणापेक्षा जर्मनीतले सणवार जास्त शिकवले, आणि मला तेच आठवतं. सहा वर्षांचं मूल पहिल्यांदा शाळेत जातं तेव्हा त्याच्या हातात जवळजवळ त्याच्याच उंचीचा पुठ्ठ्याचा शंकू देतात, आत खाऊ आणि पेन्सिली. ६ डिसेंबरला संत निकोलाउस येतो, त्याच्यासाठी आदल्या रात्री बूट घासूनपुसून दाराशी ठेवायचे. ११ नोव्हेंबरला संत मार्टिनची कंदिलांची मिरवणूक. दिवाळी नुकतीच झालेली असायची, म्हणून आम्ही आकाशकंदिलाचा उरलेला घोटीव कागद वापरून ते कंदील केले आणि शाळेच्या पटांगणात फिरलो. शिपाईकाकांना कळेना, दिवाळी संपली की नाही!

त्यांच्या प्रगतिपुस्तकात १ म्हणजे सर्वोत्तम आणि ६ म्हणजे सपशेल नापास. हे कळल्यावर एका मुलाने घरी गणिताचा पेपर जर्मन पद्धतीने समजावून सांगितला होता, निष्फळ. पण एका तासाला वर्ग खरंच तापला. तिथे बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागली जातात. कुणी गिम्नाझियममध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या वाटेवर. कुणी लवकर हाताचा व्यवसाय शिकायच्या वाटेवर. दहाव्या वर्षी हे कसं ठरवणार, यावर आम्ही मराठीतच भांडलो. फ्राउंनी अडवलं नाही. मला तो सगळ्यात चांगला तास वाटतो.

*

दहावीत शंभरपैकी शहाण्णव. आज ‘इख हाइसे’ म्हणजे ‘माझं नाव’ याच्या पुढे गाडी जात नाही. उपयोग शून्य, तक्रार नाही. टक्केवारी वर गेली, हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला.

*

मी केंद्रीय विद्यालयातली. २०११ मधल्या करारानंतर तिथे तिसरी भाषा म्हणून जर्मन आली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये, वर्षाच्या मध्यावर, त्या जागी संस्कृत आणायचं ठरलं. देशभरातली सुमारे ७०,००० मुलं जर्मन शिकत होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पेपरांत रणधुमाळी, पण आम्हा मुलांना चिंता एकच, परीक्षा कशाची? मला दोन्ही भाषा थोड्या थोड्या मिळाल्या. जर्मनच्या चार विभक्तींनी रडवलं होतं, त्यामुळे संस्कृतच्या आठ बघून धक्का कमी बसला. उगाच एकीला दुसरीच्या विरोधात उभं करतात.

*

वरच्या शहाण्णववाल्यांना नमस्कार, मीही त्याच पंथाची. पण नोकरीने जर्मनीत, श्टुटगार्टला आणून टाकलं. (मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनीशहरं आहेत, हे इथे आल्यावर समजलं.) पहिला महिना वाटलं, शाळेत भलतीच भाषा शिकवली. दुकानात ‘गुटेन टाग’ऐवजी ‘ग्र्यूस गॉट’, आणि शेजारच्या आजींचं श्वेबिश या इथल्या बोलीतलं बोलणं तर डोक्यावरून जायचं. मग या राज्याचं जाहिरातीतलं घोषवाक्य ऐकलं: ‘आम्हाला सगळं येतं, प्रमाण जर्मन सोडून.’ जीव भांड्यात पडला.

शाळेतलं कामाला आलं ते सरकारी पत्रं वाचताना. आउस, बाय, मिट, नाख, झाइट, फॉन, त्सू: या अव्ययांपुढच्या नामाला चतुर्थी विभक्ती, हे आम्ही आरतीच्या चालीवर टाळ्या वाजवत पाठ केलं होतं. अजून कागद हातात घेतला की मनात टाळ्या वाजतात. ‘डू’ आणि ‘झी’ तर शिकावंच लागलं नाही, कुणाला तू आणि कुणाला तुम्ही हे आईने लहानपणीच फटके देऊन शिकवलंय. रविवारी दुकानं बंद असतात हे मात्र पाठ्यपुस्तकात होतं आणि तरी पहिल्या रविवारी घरात दूध नव्हतं.

*

मुलगा नववीत आहे. मार्क बरे, ‘माझे कुटुंब’ निबंध घडाघडा म्हणतो, पण मध्येच काही विचारलं की गप्प. क्लास लावू का?

*

मी शाळेत जर्मन शिकवते म्हणून सांगते, त्यासाठी क्लास नको. आणखी एक निबंध पाठ होईल, एवढंच. ग्योटे इन्स्टिट्यूट या जर्मन शिकवणाऱ्या संस्थेची ‘फिट इन डॉइच’ ही मुलांसाठीची परीक्षा आहे, तिच्या तोंडी भागाचा नमुना बघा. नाव, वय, गाव, भाषा, छंद यावर स्वतःबद्दल बोलायचं, मग चिठ्ठीवरच्या शब्दावरून जोडीदाराला प्रश्न विचारायचा आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं. घरी जेवताना हा खेळ होतो. तुम्हाला जर्मन येत नसेल तर उत्तमच, त्याला तुम्हाला शिकवू दे.

उच्चारासाठी एक युक्ती देते. ‘ई’ म्हणायला सांगा, जीभ हलवू नको म्हणा आणि फक्त ओठांचा ‘ऊ’सारखा चंबू करायला लावा. जो आवाज निघतो तो ‘म्यूलर’मधला. ऐकण्यासाठी डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे फुकट धडे आहेत, रोज थोडे लावा. चुका लगेच दुरुस्त करू नका. डेर-डी-डास चुकलं तरी समोरच्याला कळतं. वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी आलं का, एवढंच या वर्षी बघा.