संग्रहासाठी पहिलं जर्मन लष्करी पिस्तूल: युद्धकाळातलं पी-३८ की बुंडेसवेअरचं पी-१?

जर्सीकर:
नमस्कार मंडळी. मुक्काम न्यू जर्सी, ग्रीन कार्ड आहे, हँडगनचं परमिट हातात आहे. दोन पिस्तुलं समोर आहेत. एक 'एसी ४३' शिक्क्याचं वॉल्थर पी-३८. स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग), फ्रेम (मुठीसकटचा सांगाडा) आणि नळी तिन्हींवर एकच क्रमांक. दुसरं त्याचीच युद्धानंतरची आवृत्ती, म्हणजे बुंडेसवेअरने (जर्मन लष्कराने) मोडीत काढलेलं पी-१, स्लाइडवर १९६९ ची तारीख, किंमत पहिल्याच्या निम्म्याहून कमी. संग्रह करायचाय, पण अधूनमधून रेंजवर चालवायचंही आहे. घेण्याआधी काय तपासू? काडतुसं कोणती? आणि 'सी अँड आर' (जुन्या, संग्राह्य शस्त्रांचं) लायसन्स काढण्यात अर्थ आहे का?

नळीवाला:
चालवायचं असेल तर पी-१ घ्या. सगळे क्रमांक जुळणारं पी-३८ कपाटात शोभतं. त्याचा एक लॉकिंग ब्लॉक (फायर होताना नळी आणि स्लाइड जखडून ठेवणारा तुकडा) तडकला की सुटा भाग मिळतो, पण जुळणी गेली ती गेलीच, आणि तुम्ही जादा पैसे त्या जुळणीचेच मोजलेले असतात.

तरी एसी ४३ घेणारच असाल, तर शिक्के बघा. कारखान्यांचे कोड असे: वॉल्थरचा 'एसी', माउझरचा 'बीवायएफ' (१९४५ मध्ये 'एसव्हीडब्ल्यू'), स्प्रीवेर्कचा 'सीवायक्यू'. लष्करी तपासणीच्या गरुडाच्या शिक्क्याखाली वॉल्थरला ३५९, माउझरला १३५, स्प्रीवेर्कला ८८. एसी स्लाइड आणि ८८ ची फ्रेम दिसली, तर ते दोन पिस्तुलांचं मिळून एक झालेलं आहे. सोव्हिएत शस्त्रागारातून फिरून आलेली पिस्तुलंही बाजारात भरपूर आहेत: सगळ्या भागांवर एकसारखा काळा रंग, 'एक्स'चा ठसा, क्रमांक मागाहून ठोकलेले. ती वाईट नसतात, फक्त विक्रेत्याने त्यांचा भाव 'मूळ अवस्था' म्हणून लावू नये. आकडे भिंगाखाली पाहा. मागाहून मारलेल्या ठशाच्या कडा ताज्या असतात आणि आजूबाजूचा ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) विस्कटलेला असतो.

मग यंत्र. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून घ्या. स्लाइड मागे अडकवा, फ्रेमच्या पुढच्या डाव्या बाजूचा खटका खाली फिरवा, स्लाइड धरून हळूहळू पुढे काढा. नळी तिच्यासोबतच येते. नळीच्या मागची छोटी पिन दाबली की लॉकिंग ब्लॉक सुटतो. त्याचे दोन्ही पंख मुळाशी नीट तपासा, तडे तिथेच पडतात. केसाएवढी रेघ दिसली तरी तो ब्लॉक वापरायचा नाही.

पेन्सिल_परीक्षा:
वर एक गोष्ट राहिली, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. या पिस्तुलाची सेफ्टी खाली केली की चढलेला घोडा पडतो. त्या क्षणी फायरिंग पिन सेफ्टीच्या दंडगोलाने अडवलेली असणं अपेक्षित असतं. दंडगोल झिजला असेल किंवा पिन तुटली असेल, तर गोळी सुटते.

परीक्षा अशी: रिकाम्या पिस्तुलाचं तोंड वर करा, खोडरबराचं टोक आधी जाईल अशी पेन्सिल नळीत सोडा, घोडा चढवा, चापावरून बोट काढा आणि सेफ्टी खाली करा. पेन्सिल उडाली तर पिस्तूल परत द्या. मग सेफ्टी वर करून, घोडा पुन्हा चढवून चाप ओढा. आता ती उडायला हवी. पास झालं तरी भरलेल्या चेंबरवर सेफ्टीने घोडा पाडायचा नाही. रेंजवर त्याची गरजच पडत नाही.

दुसरी खोड वरच्या पत्र्याच्या झाकणाची. स्लाइडवर मागच्या साइटपाशी (नेम धरायच्या खाचेपाशी) असलेलं हे झाकण सैल झालं, तर फायर करताना उडतं आणि साइटसकट आतले बारीक भाग घेऊन जातं. अंगठ्याने दाबून पाहा, हललं नाही पाहिजे. चष्मा घाला हे सांगायला नकोच.

काडतुसं ९ मिमी पॅराबेलम, ११५ किंवा १२४ ग्रेन (गोळीचं वजन), फुल मेटल जॅकेट (पूर्ण धातूच्या आवरणाची गोळी), साध्या दाबाची. 'प्लस पी' (जादा दाबाची) अजिबात नको. पोकळ टोकाची गोळी युद्धकाळातल्या पिस्तुलात रॅम्पवर (चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर) अडकू शकते. जुनी लष्करी काडतुसं स्वस्त मिळाली तरी त्यांचा प्रायमर (बुडाची ठिणगी देणारी टोपी) क्षारयुक्त असू शकतो. तसं असेल तर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवा, वाळवा, मग तेल. नुसत्या तेलाने क्षार जात नाहीत.

रिकॉइल स्प्रिंगा (स्लाइड पुढे ढकलणाऱ्या) दोन असतात, फ्रेमच्या दोन्ही कडांना एकेक. बदलताना दोन्ही एकदम बदला. थकलेल्या स्प्रिंगांवर स्लाइड फ्रेमवर आपटत राहते, आणि पी-१ ची फ्रेम ॲल्युमिनियमची आहे. तिच्या रेल्सना (स्लाइड जिच्यावर सरकते त्या पट्ट्यांना) तेलापेक्षा पातळ ग्रीसचा थर चांगला. मॅगझिन आठ गोळ्यांचं. रेंजसाठी मेक-गार कंपनीचं नवं घ्या, जुनं जपून ठेवा.

आणि हो, रिकामी पुंगळी डावीकडे उडते. रेंजवर डाव्या टोकाची लेन मागा, शेजाऱ्याशी भांडण नको.

ह्यूस्टनचा_काका:
कायद्याचं थोडक्यात. 'सी अँड आर' म्हणजे टाइप ०३ लायसन्स, फी ३० डॉलर, मुदत तीन वर्षं. मूळ स्वरूपातलं, पन्नास वर्षं पूर्ण झालेलं शस्त्र त्यात बसतं, म्हणजे तुमची दोन्ही. फायदा हा की दुसऱ्या राज्यातल्या विक्रेत्याकडूनही ते थेट तुमच्या पत्त्यावर येऊ शकतं. एरवी स्थानिक डीलर, ४४७३ फॉर्म (खरेदीदाराने भरायचा सरकारी अर्ज) आणि पार्श्वभूमी तपासणी आलीच. बदल्यात प्रत्येक खरेदी-विक्री वहीत नोंदवावी लागते, आणि या लायसन्सवर धंदा करता येत नाही. एवढं असूनही न्यू जर्सीत प्रत्येक हँडगनला वेगळं परमिट लागतंच. एकाच पिस्तुलासाठी लायसन्स काढू नका, तिसऱ्या-चौथ्याच्या वेळी बघा.

नवखा_डॅलस:
मी एच-१बी वर आहे. मला घेता येईल?

ह्यूस्टनचा_काका:
नॉन-इमिग्रंट व्हिसावर शस्त्र बाळगायला फेडरल कायद्याने सर्वसाधारण बंदी आहे. अपवाद मोजके; त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचा चालू शिकारीचा परवाना. तो घ्या, तारीख उलटू देऊ नका, आणि आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. आणि पुढेमागे परत जाताना सोबत न्यायचा विचार असेल, तर तो सोडा. ९ मिमी भारतात निषिद्ध बोअर (नळीचं माप) आहे.

नळीवाला:
जर्सीकर, पी-१ बद्दल एक भर. फ्रेमला आडवी सहाकोनी पोलादी पिन सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून आली, त्यामुळे १९६९ च्या फ्रेमला ती नसणार. म्हणजे लगेच फुटेल असं नाही. साध्या काडतुसांवर आणि ताज्या स्प्रिंगांवर ती व्यवस्थित चालते. नळी काढून लॉकिंग ब्लॉक बसतो तिथे फ्रेममध्ये बॅटरी मारा. रंग उडालेला चालेल, तडा चालणार नाही. जाड स्लाइड साठीच्या दशकाच्या अखेरीस आली आणि लष्करी दुरुस्तीत भागांची अदलाबदल झालेली असते, म्हणून स्लाइडवरची तारीख फ्रेमचीही असेल असं धरून चालू नका. दोन्हींवरचे क्रमांक जुळतात का ते विक्रेत्याकडून फोटोत मागवा.

जर्सीकर:
आभारी आहे. पी-१ च बघतो. फ्रेमचे आणि क्रमांकांचे फोटो मागवलेत, आले की इथे टाकतो.