ग्राफिक्स कार्डाचा आवाज: ‘हेडफोन लावा’ म्हणणाऱ्यांसाठी

तापीकाठ
परवा इथे एका साहेबांनी लिहिलं: ‘कार्डाचा मूळ कूलर काढून दुसरं काही बसवणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. आवाज येतो तर हेडफोन लावा.’ दोन दिवस गप्प बसलो. आज राहवत नाही.

मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. सीझनला रात्री अकरा ते तीन बसावं लागतं. घर दोन खोल्यांचं. मागच्या खोलीत मशीन आणि तिथेच बाबांची खाट. शेतीच्या लाईटची पाळी पहाटेची असली की ते साडेतीनला उठून केळीला पाणी द्यायला जातात. हेडफोन मी लावीन हो, त्यांना कोण लावणार?

कार्ड आरएक्स ५८०, आठ जीबीचं, सेकंडहँड. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डं राबवून ते चलन कमावणं, बंद झालं आणि बाजारात कार्डांचा ढीग आला, त्यातलंच एक. दिवसरात्र फिरून पंख्यांच्या बुशी गेलेल्या. रेंडर, म्हणजे तयार व्हिडिओ काढायचं काम, लावला की मिनिटाला तीन हजार फेरे (आरपीएम), वर रिकाम्या गिरणीसारखी खर्रर्र.

मग काय केलं? वरचं प्लास्टिकचं कव्हर आणि ते दोन पंखे काढले. खालच्या हीटसिंकला, म्हणजे उष्णता ओढणाऱ्या धातूच्या पत्र्यांना, हात लावला नाही. त्यावर कॅबिनेटचे १२० मिलिमीटरवाले दोन आर्क्टिक पी१२ ठेवून प्लास्टिकच्या टायने बांधले. कार्डावरची पंख्याची चार पिनांची छोटी जागा असते, तिथून ॲडॉप्टर, पुढे स्प्लिटर. म्हणजे वेग अजूनही कार्डच ठरवतं. आता रेंडरला हजार आरपीएम. जानेवारीत खोली २० डिग्री असताना कार्ड आधी ७८ ला जायचं, आता ७०. पहिल्या रात्री बाबांनी झोपेतून उठून विचारलं, ‘बंद पडलं का रे?’

हा रिकामटेकडा उद्योग असेल तर असू द्या.

पुण्यातला_जळगावकर
ते साहेब मीच. आणि अजूनही तेच म्हणतो.

टाय बांधण्याआधी फुकटातले उपाय केलेस का? व्होल्टेज थोडं उतरवायचं, फॅन कर्व्ह, म्हणजे किती तापलं की पंखा किती फिरेल ते, हाताने बसवायचा, गेम असेल तर सेकंदाला ६० फ्रेमच दाखव म्हणून बांधायचं. आरएक्स ५८० हे १८५ वॅटचं कार्ड, कंपनीने गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज दिलेलं. तेवढं उतरवलं की उष्णताच कमी, मग पंखा फिरणार कशाला? आणि आवाजाची इतकीच ॲलर्जी असेल तर घेतानाच चांगलं कार्ड घ्यावं. असूसने २०२१ मध्ये नॉक्टुआ कंपनीचे शांत पंखे लावूनच आरटीएक्स ३०७० कार्ड काढलं होतं. माझं कार्ड एसीत चालतं, आवाज कसा असतो ते विसरलोय.

तापीकाठ
एसीत. बरं.

व्होल्टेज पहिल्याच आठवड्यात उतरवलं, ११५० मिलिव्होल्टवरून १०६०. फरक पडला, नाही म्हणत नाही. पण बुश गेलेला पंखा १८०० वर पण खर्रर्रच करतो. ‘घेतानाच चांगलं घ्यावं’ हे वाक्य आमच्याकडे जावई बोलतात.

टेस्टरनाना
जळगावात वीस वर्षं रिपेअरिंग करतोय, म्हणून माझे दोन शब्द. मी या प्रकाराच्या विरोधात आहे, आणि कारण माझ्या टेबलावर पडलंय.

गेल्या महिन्यात एक पोरगा आला. कार्डाला बाहेरचा मोठा कूलर स्वतः बसवलेला. चालू केलं की दहा सेकंदांत बंद. उघडलं तर मेमरीवर उष्णता हीटसिंकला पोचवणारं थर्मल पॅड एक मिलिमीटरचं हवं तिथे दीडचं लावलेलं. पॅड जाड, म्हणून हीटसिंक अधांतरी. मधल्या चिपवर पेस्टचा ठिपका जसा टाकला तसाच्या तसा, दाबलाच गेला नव्हता. हे तरी नशीब. त्याआधीच्या एकाने स्क्रू एका बाजूने गच्च आवळले, मग दुसऱ्या. कार्डाची चिप उघडी असते, प्रोसेसरसारखी वर धातूची टोपी नसते. कोपरा मिठाच्या खड्यासारखा उडाला. तो तुकडा अजून डबीत ठेवलाय, नवीन पोरांना दाखवायला. स्क्रू आवळायचे ते कोपऱ्याआड कोपरा, अर्धा अर्धा फेर. जुन्या ॲक्सेलेरो कूलरसोबत मेमरीवर चिकटवायचे छोटे हीटसिंक आणि गोंद यायचा. तो गोंद एकदा बसला की बसला. एकाने ओढून काढला तर मेमरीची चिपच हातात आली.

आणि ही सगळी मंडळी काय म्हणतात? ‘नाना, व्हिडिओत तर सोपं वाटलं होतं.’ मी दोन तास घालवले की, ‘नुसतं उघडून बघायचे पैसे कसले?’ स्क्रूवरचं वॉरंटीचं स्टिकर आधीच फाडलेलं असतं, ते वेगळं.

तापीकाठ
नाना, आदर आहे, पण दुसऱ्याच्या चुकीची काठी माझ्या पाठीत का? मी हीटसिंक उघडलाच नाही. पॅड, पेस्ट, चिप, सगळं जागच्या जागी. आणि मायनिंगच्या कार्डाला कसली वॉरंटी?

टेस्टरनाना
कव्हर काढणं आणि कूलर बदलणं वेगळं, ठीक आहे, मान्य. पण मग तू अर्धंच काम केलंस. मायनिंगमध्ये भाजलेल्या कार्डाची पेस्ट खडू झालेली असणार. ती न बदलता वर पंखे बांधले म्हणजे तुटक्या चपलेला पॉलिश.

भुसावळ_जंक्शन
मंडळी, हिशोब करा. खोली २०, कार्ड ७०. फरक ५० चा. कूलर हा फरक कमी करतो, हवेपेक्षा थंड काही करत नाही. मे महिन्यात आमच्याकडे पत्र्याच्या खोलीत दुपारी ४२ असतं. त्यात ५० मिळवा. ९२! मग पंखे हजारावर राहतील का? वर १८५ वॅट जे निघतात ते खोलीतच राहतात, पंखा नॉक्टुआचा असो की टेबलफॅनचा.

आणि मे महिन्यात कार्डाचा आवाज ऐकू येतोच कुणाला? माझा डेझर्ट कूलर चालू असला की बायकोची हाक ऐकू येत नाही. मोबाइलच्या ॲपवर खाटेपाशी ६२ डेसिबल दाखवतं. (हाक ऐकू येत नाही हा त्रास आहे असं मी म्हटलेलं नाही.)

तापीकाठ
मे महिन्यात मी दुपारी रेंडर लावतच नाही, वेडा आहे का? रात्री डेझर्ट कूलरवर खोली ३२-३३ ला येते. कार्ड ७८, पंखे तेराशे. आणि हो, तेव्हा आवाजाचा प्रश्न नसतो, हे कबूल. पण वर्षाला बारा महिने असतात. आणि लग्नं नोव्हेंबरपासून सुरू होतात.

अमळनेरी
भो, तुमना सगळासनं खरं शे. पण आमना गावमा लाईटच नही. कार्डले पंखा काय नि टोपलं काय.

कपाशी_४५
धुळीबद्दल कोणी बोलणार आहे का? माझ्या घरामागे जिनिंग आहे. दिवाळीनंतर चार महिने हवेत कापूस. कार्डाच्या हीटसिंकवर पंखे काढून बघितलं तर पातळ गोधडी, खरंच सांगतो, एका तुकड्यात निघाली. खालून पत्र्या स्वच्छ, वर पांढरा थर. हवा आत जाणार कुठून? ही कार्डं बनवणाऱ्यांनी जिनिंग पाहिलेलं नाही. कव्हर असलं की हा कापूस दिसतच नाही, आठ स्क्रू उघडले की कळतं. म्हणून माझा तापीकाठला पाठिंबा. उघडं असेल तर निदान ब्रशने काढता येतं. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरायचं, नाहीतर तो उलटा भिरभिरतो आणि बुश जाते.

यंदा तर जिनिंगवाल्याने कुंपणाची जाळीसुद्धा लावली नाही. तीनदा सांगितलं. ग्रामपंचायत म्हणते लेखी द्या. लेखी दिलं तर म्हणते मागचं सापडत नाही.

भुसावळ_जंक्शन
धूळ सोडा, पाण्याचं बोला. आमच्या शेजाऱ्याने कॅबिनेटची बाजू उघडून सरळ डेझर्ट कूलरच्या तोंडासमोर ठेवलं. कार्ड ११ डिग्री उतरलं, गल्लीभर सांगत होता. दोन उन्हाळ्यांत कॅबिनेटचे स्क्रू गंजले, मॉनिटरच्या केबलची जागा हिरवी. बोअरचं पाणी, तुषार उडतातच. हीटसिंकवर पांढरे क्षार.

पुण्यातला_जळगावकर
तुषार उडतात कारण गवत. हनीकोंब पॅड लावा, हा प्रश्नच राहत नाही.

भुसावळ_जंक्शन
हनीकोंब! बोअरच्या पाण्यात हनीकोंब दोन सीझन टिकला तर माझ्याकडून शेवभाजी. भोकं क्षारांनी बुजतात. गवत दरवर्षी बदललं की वास पण छान येतो.

कपाशी_४५
पहिले चार दिवस वास छान. मग डबक्याचा.

पुण्यातला_जळगावकर
टाकी दर आठवड्याला रिकामी करायची असते. लोक मार्चला भरतात ती जूनला बघतात, आणि दोष हनीकोंबला.

भुसावळ_जंक्शन
तुमच्या एसीला टाकी असते का हो? नाही ना? मग आम्हाला कूलर शिकवू नका. डिसेंबरात भरीत खायला येता, आठ दिवस राहून ‘आमचं जळगाव’ म्हणता, आणि मे महिन्याबद्दल बोलता.

पुण्यातला_जळगावकर
माझा जन्म जळगावचा. अठरा मे महिने काढलेत मी तिथे, गच्चीवर पाणी मारून झोपलोय. गाव सोडलं म्हणजे ऊन विसरत नाही माणूस. पोटासाठी गेलो, हौसेने नाही. आणि भरीत काढायची गरज नव्हती.

अमळनेरी
भरीतवर भांडू नका रे. ते एकच राह्यनं शे.

टेस्टरनाना
धागा कार्डाच्या कूलरचा होता. गवताचा धागा दुसरीकडे काढा. एवढं मात्र लिहून ठेवा: पाण्याच्या कूलरचा झोत कॅबिनेटवर कधीच नको. माझ्याकडे जूनमध्ये येणाऱ्या दर चार बोर्डांत एक तसलं असतं. पाऊस सुरू झाला की हा कूलर तसाही नुसता चिकचिक करतो.

तापीकाठ
धन्यवाद नाना. आता मूळ मुद्दा, कारण ‘फरकच काय पडतो’ असं अजून कोणीतरी म्हणेल. पंखा लहान असला की तेवढीच हवा ढकलायला जास्त फिरावं लागतं. माझे जुने पंखे ८५ मिलिमीटरचे होते. वेग निम्मा झाला की आवाज साधारण पंधरा डेसिबल पडतो, आणि दहा पडले की कानाला निम्मा वाटतो. मी तीन हजारावरून हजारावर आलो. हे पैशांत किती? दोन पंखे आणि दोन केबल, मला सतराशेत पडलं. नवं कार्ड सतराशेत येत असेल तर पत्ता द्या.

पुण्यातला_जळगावकर
आणि तोटे? चार स्लॉट खाल्ले असतील. खालची सगळी जागा बंद. वजनाने कार्ड वाकलं का?

तापीकाठ
साडेतीन स्लॉट. खाली साउंड कार्ड होतं ते काढावं लागलं. कार्डाखाली पेन्सिल उभी केलीय टेकू म्हणून. आणि एक गोष्ट मी सांगितली नव्हती, आता विचारलंच आहे तर सांगतो. पंखे गप्प झाल्यावर कार्डातून बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. कॉइलची, म्हणजे कार्डावरच्या तारेच्या वेटोळ्यांची. ती आधीही असणार, खरखरीखाली दबलेली. रेंडरच्या शेवटी शेवटी डासासारखी वाजते.

पुण्यातला_जळगावकर
म्हणजे सतराशे रुपये देऊन डास विकत घेतला. अभिनंदन.

तापीकाठ
बाबांना ऐकू येत नाही. साठीनंतर तेवढं बारीक कानाला लागत नाही म्हणे. मला येतो, मी हेडफोन लावतो. झालं तुमचं समाधान?

पुण्यातला_जळगावकर
पुष्कळ. आणि बरं, बाप त्याच खोलीत झोपतो हे तू मूळ चर्चेत लिहिलं नव्हतंस. लिहिलं असतंस तर हेडफोनचं बोललो नसतो. पण नवं कार्ड वॉरंटीत असताना उघडणाऱ्यांबद्दलचं माझं मत कायम आहे.

टेस्टरनाना
तापीकाठ, बुधवारी जळगावला येणं होत असेल तर कार्ड घेऊन ये. पेस्ट बदलून देतो, पॅड मापून बघतो. पैसे घेईन, आधीच सांगतो. आणि येण्याआधी इथे फोटो टाक. टाय कुठून ओवल्यास ते दिसू दे. हीटसिंकच्या पाइपला घासत असतील तर उन्हाळ्यात कडक होऊन तुटतात.

तापीकाठ
एक तुटलीच, एप्रिलमध्ये. फोटो टाकतो, पण हसायचं नाही. त्या जागी सध्या केळी बांधायची सुतळी आहे.

टेस्टरनाना
सुतळी??

अमळनेरी
फोटू टाक भो, लाईट उनी.